घरातला तापाचा डबा : दोनशेचा थर्मामीटर, दीड हजाराची गन आणि बाकीचा सरंजाम

तापाच्या नावाखाली मेडिकलमध्ये जे काही विकलं जातं, त्यातल्या चारच वस्तू घरात खऱ्या लागतात: साधा डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ते मोजायला बिनसुईची सिरिंज आणि ओआरएसची पाकिटं. चारही मिळून साधारण चारशे रुपयांत येतात. कपाळावर रोखायची गन, जेलच्या पट्ट्या, सर्दी-तापाची मिश्र औषधं, लॅबचं 'फीवर पॅकेज' हा पुढचा सरंजाम. त्यातल्या काहींचा थोडाफार उपयोग आहे, काही नुसते पैसे घालवणारे, आणि एक-दोन गोष्टी घरात न आलेल्याच बऱ्या.

थर्मामीटर

साधा डिजिटल थर्मामीटर दीडशे ते तीनशे रुपयांत मिळतो. टोकाच्या धातूच्या टोपीखाली थर्मिस्टर असतो, तापमानाप्रमाणे त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. चांगल्या कंपनीच्या थर्मामीटरची अचूकता अधिक-उणे ०.२ फॅरेनहाइट असते. घरच्या कामाला याहून जास्त काही लागत नाही. टोक लवचीक असलेला घेतलात तर लहान मुलाच्या काखेत तो टोचत नाही. खोक्यावर 'दहा सेकंदांत' असं लिहिलेलं असलं तरी त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

कारण बीप वाजला म्हणजे तापमान पक्कं झालं, असं नसतं. आकडा चढण्याचा वेग ठरावीक मर्यादेखाली आला की यंत्र बीप देतं. काखेतली कातडी गरम व्हायला वेळ लागतो, शिवाय हात जरा सैल राहिला तर आकडा मध्येच रेंगाळतो आणि यंत्राला वाटतं, झालं. म्हणून बीप वाजल्यावरही थर्मामीटर एक-दोन मिनिटं तिथेच ठेवावा. बऱ्याच यंत्रांत आकडा बीपनंतरही चढत राहतो. ९९.८ वर वाजलेला थर्मामीटर दोन मिनिटांनी १००.४ दाखवतो, आणि मग घरात 'आत्ता तर कमी होता, एवढ्यात वाढला!' म्हणून घबराट होते. ताप वाढलेला नसतो, मोजणं तेव्हा कुठे पुरं झालेलं असतं.

काखेत लावताना आधी घाम टिपून घ्या. टोक काखेच्या मधोमध, खोलवर, कातडीला सगळीकडून टेकलेलं हवं. बारीक चणीच्या मुलांत ते मागून बाहेर डोकावतं आणि खोलीतली हवा मोजत बसतं. दंड छातीशी घट्ट धरायचा. मध्ये बनियनची बाही आली की मोजणं बाद. तोंडात लावायचा तर जिभेखाली, एका बाजूला मागे सारून, ओठ मिटून. चहा किंवा गार पाणी प्यायल्यावर निदान पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या तोंडात लावू नये. मूल आंघोळीतून किंवा गोधडीतून नुकतं बाहेर आलं असेल तर तेव्हाही थोडं थांबा.

काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंशाने कमी येतो. म्हणून त्यात एक मिळवून डॉक्टरांना सांगायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. ती सोडून द्यावी. डॉक्टर मनातल्या मनात आणखी एक मिळवतात आणि १०१चा १०३ होतो. 'काखेत १०१, दुपारी तीन वाजता, औषधाआधी' असं सांगितलं की पुरे.

बहुतेक यंत्रांत एलआर-४१ नावाची बटणाएवढी बॅटरी असते. ती वेगळी विकत मिळते, त्यामुळे यंत्र फेकायची गरज नाही. मात्र ही बॅटरी लहान मुलाच्या हाती लागू देऊ नका. गिळली तर अन्ननलिका भाजते. यंत्र अचानक सेल्सियसमध्ये आकडे दाखवू लागलं तर बिघडलं असं समजू नका, बऱ्याच मॉडेलांत चालू करायचं बटण दाबून धरलं की एकक बदलतं. ३८ सेल्सियस म्हणजे १००.४ फॅरेनहाइट, ३९ म्हणजे १०२.२ आणि ४० म्हणजे १०४. टोक साबणाच्या गार पाण्याने किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पुसावं. उकळत्या पाण्यात बुडवलं तर नवा आणावा लागतो.

आता गन. कोविडच्या काळात ती घरोघरी आली. ती ताप मोजत नाही, कपाळाच्या कातडीतून निघणारी अवरक्त किरणं मोजते आणि त्यात कंपनीने ठरवलेली भर घालून आतल्या तापमानाचा अंदाज सांगते. घाम, पंखा, एसी, उन्हातून येणं, कपाळावरची ओली पट्टी किंवा बाम, सगळ्याने आकडा हलतो. एका मिनिटात तीनदा मोजून ९७.४, ९९.१ आणि ९८.२ आले तर त्यात नवल नाही. हुडहुडी भरलेली असताना कातडीकडचा रक्तपुरवठा आटलेला असतो. त्यामुळे ताप सर्वांत वेगाने चढत असताना गन नेमका कमी आकडा दाखवते. तिची मोठी उणीव हीच.

झोपलेल्या बाळाला न उठवता अंदाज घ्यायला मात्र ती सोयीची आहे. घरात असेल तर मोड 'बॉडी'वर आहे ना ते बघा. 'सरफेस'वर राहिली की ती दुधाच्या बाटलीचं तापमान मोजायच्या बेतात असते आणि आजाऱ्यालाही ९४ सांगते. दुसऱ्या खोलीतून आणली असेल तर पंधरा-वीस मिनिटं ठेवून मग वापरा. कपाळ कोरडं, केस बाजूला, अंतर पुस्तिकेत सांगितलेलं, बहुधा तीन ते पाच सेंटीमीटर. आकडा १००च्या आसपास आला की काखेत डिजिटल लावून खात्री करायची. म्हणजे डिजिटल लागतोच, आणि मग दीड हजार कशाला घालवायचे, हा प्रश्न उरतोच. कानात घालायचा थर्मामीटर गनपेक्षा भरवशाचा, पण सहा महिन्यांखालच्या बाळाला चालत नाही, आणि मळ असला किंवा नळी तिरकी बसली की तोही चकतो. कपाळाला चिकटवायच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या दुकानातच राहू द्या.

पाऱ्याचा थर्मामीटर अचूक असतो, याबद्दल वाद नाही. पण पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानुसार २०२०नंतर त्याचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायची होती, आणि भारताने २०१८ मध्ये त्या करारावर शिक्कामोर्तब केलं आहे. घरात जुना असेल आणि फुटला तर झाडू किंवा व्हॅक्युम क्लीनर अजिबात लावू नका, त्याने पाऱ्याचे थेंब आणखी बारीक होऊन पसरतात. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, बोटातली अंगठी आणि बांगड्या काढून ठेवा (पारा सोन्याला चिकटतो), जाड कागदाने थेंब एकत्र लोटा, उरलेले चिकटपट्टीने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा.

आकड्याचं काय करायचं

९८.६ हा आकडा वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनी १८६८ मध्ये मांडला आणि तेव्हापासून तो दगडावरची रेघ होऊन बसला. अलीकडच्या मोजण्यांत सरासरी त्याहून थोडी कमीच येते. शिवाय निरोगी माणसाचं तापमान पहाटे कमी आणि संध्याकाळी अंशभर जास्त असतं. संध्याकाळी काखेत ९९ आला म्हणून 'कसर आहे' असं म्हणत गोळी घेण्यात अर्थ नाही. १००.४ किंवा जास्त असेल तर ताप धरायचा. काखेतला ९९.५ देखील 'लक्ष ठेवा' एवढंच सांगतो.

मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग शरीराचं तापमान कुठे ठेवायचं ते ठरवतो. गिझरचा काटा वर सरकवावा तसा जंतुसंसर्गात हा काटा वर सरकतो. मग ९८ अंशाचं शरीर त्याला गार वाटायला लागतं, म्हणून हुडहुडी, म्हणून हातपाय थंडगार. नवा आकडा गाठला की हुडहुडी थांबते. काटा खाली आला की घाम फुटतो. पॅरासिटामॉल हा काटा खाली आणतं. ओल्या पट्ट्या आणत नाहीत. त्यामुळे पट्ट्यांनी उतरलेला ताप पट्टी काढली की परत वर येतो. 'ताप डोक्यात गेला' म्हणतात, पण संसर्गाचा ताप स्वतःहून मेंदूला इजा करेल इतका, म्हणजे १०७च्या वर, सहसा जात नाही.

उष्माघात वेगळा. मे महिन्यात विदर्भात उन्हात काम करून आलेला माणूस १०५ अंशाने बरळत असेल, तर काटा जागेवरच आहे, शरीराचं गार होण्याचं यंत्र कोलमडलं आहे. तिथे पॅरासिटामॉल निरुपयोगी. सावलीत आणून अंगावर गार पाणी ओता, पंखा लावा आणि १०८ला फोन करा.

पॅरासिटामॉल : बाटली एक, शक्ती तीन

या डब्यातलं खरं औषध हेच. स्वस्त, जुनं, योग्य मात्रेत अतिशय सुरक्षित. आणि चुकीच्या मात्रेत यकृत निकामी करणारंही हेच. गोळी घरात बहुधा असतेच, ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची, गोळीमागे साधारण दोन रुपये. डोलो, क्रोसिन, कॅल्पोल, जनऔषधी केंद्रातलं बिननावाचं: आतलं औषध एकच. मोठ्या माणसाने दोन गोळ्यांमध्ये निदान चार ते सहा तासांचं अंतर ठेवावं. २४ तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, पण घरच्या घरी घेताना ३ ग्रॅमच्या आत राहावं. पन्नास किलोखालच्यांनी, रोज दारू पिणाऱ्यांनी आणि यकृताचा आजार असलेल्यांनी त्याहूनही कमी, डॉक्टरांना विचारून.

गोंधळ होतो तो मुलांच्या बाटलीत. एकाच ब्रँडच्या, जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या तीन बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात: ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम (हिच्यावर बहुधा 'डीएस' लिहिलेलं असतं), आणि बाळांचे ड्रॉप्स, १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. मात्रा वयावर नाही, वजनावर: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दर चार ते सहा तासांनी, २४ तासांत जास्तीत जास्त चार वेळा.

१२ किलोचं मूल घ्या. १५च्या हिशेबाने १८० मिलिग्रॅम. १२०च्या बाटलीतून ते होतात ७.५ मिलिलिटर, २५०च्या बाटलीतून ३.६, आणि ड्रॉप्समधून फक्त १.८. 'मागच्या वेळी साडेसात दिलं होतं' एवढंच लक्षात ठेवून तेच माप २५०च्या बाटलीतून दिलं तर मात्रा दुप्पट. ड्रॉप्समधून दिलं तर ७५० मिलिग्रॅम, म्हणजे एका घोटात दिवसभराचा कोटा संपून वर थोडं जास्तच. चूक उलटीही होते. डीएसचं ३.६ हे माप १२०च्या बाटलीतून दिलं की मुलाला निम्मंच औषध मिळतं, ताप उतरत नाही, आणि 'हे औषध लागू पडत नाही' म्हणून दुसरं आणलं जातं. म्हणून डॉक्टरांनी 'पाच एमएल' म्हटलं की 'कुठल्या बाटलीतून?' हे तिथल्या तिथे विचारा आणि बाटलीवर पेनाने मुलाचं वजन, माप आणि तारीख लिहून ठेवा. वजन वाढलं की माप बदलायचं.

घरातला चहाचा चमचा माप म्हणून वापरू नये. कुठल्या चमच्यात तीन मिलिलिटर मावतं, कुठल्यात सात. बाटलीचं झाकण-माप चालतं, पण ते सपाट जागी ठेवून डोळ्याच्या पातळीवर आणून बघावं लागतं आणि तळाला बरंच औषध चिकटून राहतं. सर्वांत बरी ५ किंवा १० मिलिलिटरची बिनसुईची सिरिंज, मेडिकलमध्ये पाच-दहा रुपयांना मिळते. तिची टोपी आधी काढून फेकून द्या. औषध गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा, घशात पिचकारी मारू नका. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला लावू नका. लेबलवर 'सस्पेन्शन' असेल तर बाटली चांगली हलवायची. न हलवता वापरत गेलात तर वरचे डोस पातळ आणि तळातले शेवटचे डोस कडक होतात.

परिणाम दिसायला अर्धा ते एक तास, पूर्ण उतार पडायला दोन-तीन तास. उतार साधारण दोन-तीन अंशांचा. १०४चा १०२ झाला तर औषधाने काम केलं, ९८वर येण्याची वाट बघत दर तासाला डोस देऊ नका. डोस दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सगळा उलटून पडला तर पुन्हा देता येतो. त्यानंतर उलटी झाली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा. आणि मूल खेळतंय, पाणी पितंय, फक्त आकडा १०१ आहे, तर औषध दिलंच पाहिजे असं नाही. पॅरासिटामॉल देतात ते अंगदुखी आणि बेचैनी कमी करायला. झोपलेल्या मुलाला डोससाठी उठवू नये. जास्त डोस गेल्याचा संशय असेल तर त्रास दिसायची वाट बघू नका. पहिल्या दिवशी रुग्ण बरा दिसतो आणि यकृत आत बिघडत असतं. उतारा आहे, एन-असिटिलसिस्टीन, पण तो लवकर द्यावा लागतो.

घरात न आणलेलं बरं

सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्या आणि सिरपांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं. सकाळी सर्दीची गोळी, दुपारी तापाची, रात्री अंगदुखीची, असं घेणारा एकच औषध तीनदा घेत असतो. कॉम्बिफ्लामसारख्या गोळीतही आयबुप्रोफेनबरोबर ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहेच. मुलांच्या बाबतीत तर क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन या सर्दीच्या औषधांचं मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये, असा इशारा लेबलवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपने लहान मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. ते सिरप याच जातीचं सर्दीचं मिश्रण होतं.

आयबुप्रोफेन चांगलं औषध आहे, पण सहा महिन्यांखाली नाही, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना नाही, आणि पावसाळ्यात, म्हणजे डेंग्यू नाही हे कळेपर्यंत, घरच्या घरी तर अजिबात नाही. अ‍ॅस्पिरिनचंही तसंच, मुलांना तर रे सिंड्रोमच्या (यकृत आणि मेंदूला इजा करणाऱ्या दुर्मीळ आजाराच्या) धोक्यामुळे ते तापात देतच नाहीत. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंद आहे. मेफेनॅमिक अ‍ॅसिड आपल्याकडे मुलांच्या तापात सर्रास लिहिलं जातं, पण २०२३ मध्ये भारतीय औषधकोश आयोगाने त्याच्या एका दुर्मीळ पण गंभीर अ‍ॅलर्जीबद्दल सावध केलं. डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय ते आणू नये. दोन औषधं आलटून पालटून द्यायची युक्तीही नको. रात्री तीन वाजता कुठलं दिलं आणि कुठलं राहिलं, याचा हिशेब कोणालाच लागत नाही.

जेलच्या पट्ट्यांनी कपाळाला गार वाटतं, बस्स. बाळाच्या कपाळावरून सुटून तोंडावर आली तर श्वास अडकू शकतो. कोलन वॉटरच्या पट्ट्या जुन्या घरांतून अजून निघतात. त्यातलं अल्कोहोल कातडीतून आणि श्वासातून आत जातं, मुलांना ते नको. बर्फाचं पाणी तर मुळीच नको, हुडहुडी भरून ताप उलट चढतो. पुसायचंच असेल तर कोमट पाण्याने, औषध दिल्यावर अर्ध्या तासाने, आणि मूल काकडायला लागलं की थांबायचं. हुडहुडीत पांघरूण द्या, ती थांबली की काढा. घाम आणायला तीन गोधड्यांत गुंडाळायचं नाही.

ओआरएस घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आहे का बघा: लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ. मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात, छोटं २०० मिलिलिटरमध्ये. अर्धं पाकीट अंदाजे ओतलं की क्षारांचं प्रमाण बिघडतं. केलेलं पाणी २४ तासांत संपवा. फळांच्या चवीची गोड पेयं 'ओआरएस' नावाने विकायला ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, बंदी केली, तरी जुना माल नजरेला पडतोच. नुसता ताप असेल, जुलाब-उलट्या नसतील, तर पेज, ताक, वरणाचं पाणी तेवढंच कामाचं.

डबा कुठे संपतो

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप म्हणजे घरी डोस न देता थेट डॉक्टर. इतर कोणालाही ग्लानी, मान ताठ होणं, धाप, सहा-आठ तास लघवी न होणं, अंगावर लाल-जांभळे ठिपके, किंवा तीन दिवस न उतरणारा ताप असेल तर अंगावर काढू नये. सहा महिने ते पाच वर्षांतल्या काही मुलांना तापात झटका येतो. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा घालू नका, नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नका. पाच मिनिटांच्या वर गेला किंवा पुन्हा आला तर लगेच दवाखाना. पॅरासिटामॉल वेळेवर दिल्याने हा झटका टळत नाही, त्यामुळे आईबापांनी स्वतःला दोष देऊ नये.

डेंग्यूत धोका ताप उतरल्यावर असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. आकडा ९८वर आला, पण पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार आहेत, तर त्या थर्मामीटरवर विसंबू नका.

शेवटी लॅबचं पॅकेज. पहिल्याच दिवशी हजार-दोन हजारांचं 'फीवर पॅनेल' करण्यात फारसं काही हाती लागत नाही. डेंग्यूची एनएस-१ (विषाणूचा अंश शोधणारी चाचणी) पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, आयजीएम (प्रतिपिंडांची चाचणी) पाचव्या दिवसानंतर. कार्डवरच्या झटपट चाचणीपेक्षा प्रयोगशाळेतली एलायझा पद्धतीचीच मागा. मलेरियाचा स्मिअर (काचपट्टीवर रक्त पसरून केलेली तपासणी) एकदा निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो असं नाही, शंका असेल तर पुन्हा करावा लागतो. पॅकेजमध्ये हमखास घुसवलेली टायफॉइडची विडाल चाचणी मात्र पहिल्या आठवड्यात बिनकामाची असते. टायफॉइडच्या प्रतिपिंडांना तयार व्हायला वेळ लागतो, आणि जुन्या संसर्गाने ती खोटी पॉझिटिव्हही येते. टायफॉइडचा संशय असेल तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची चाचणी) द्यावं. साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त सांगतो. तो हाती आला की सगळे प्लेटलेट मोजत बसतात. डेंग्यूत त्यांच्या बरोबरीने हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, बघायचं. ते चढत असेल तर रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतंय. तुलनेसाठी पहिल्या दिवसांतला रिपोर्ट जपून ठेवावा.